तिसऱ्याचा नकार

आमच्या वेब सर्व्हरच्या पुढच्या आवृत्तीचा आराखडा मी गौरी-गणपती उरकल्यावर करायला घेतला. त्याआधी घेण्यात अर्थ नव्हता. त्या दिवसांत रत्नागिरीत माणसाच्या हातून घरच्या धबडग्यापलीकडे काही होत नाही, आणि ज्यांच्या हातून होतं त्यांचा मला संशय येतो. गणपती पाण्यात गेले, मुंबईची माणसं मुंबईला गेली, घरातलं मोदकपात्र माळ्यावर गेलं, आणि मी वही-पेन बाजूला सारून लॅपटॉप उघडून बसले.

इथल्या एका कॉलेजात मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. ते पोटाचं काम. सर्व्हर हा दुसरा, बिनपगारी उद्योग. वेब सर्व्हर म्हणजे काय हे माझ्या नवऱ्याला मी एकदाच समजावून सांगितलं होतं. दारावर कोणी आलं की उठायचं, काय हवं ते विचारायचं, असेल तर आणून द्यायचं, नसेल तर नाही म्हणून सांगायचं आणि परत दाराशी जाऊन बसायचं. तो म्हणाला, "म्हणजे या घरात मी जे करतो ते." त्यानंतर मी कोणाला समजावायच्या भानगडीत पडले नाही.

आमचा सर्व्हर अगदी लहान. अडगळीत टाकलेल्या जुन्या यंत्रांवरही चालावा म्हणून मुद्दाम तसा लिहिलेला. त्याचा सगळा कोड उघडा आहे. कोणीही वाचावा, बदलावा, फुकट वापरावा. त्यामुळे कोण, कुठे, कशासाठी वापरतं ते आम्हाला कधीच कळत नाही. त्याची देखभाल तिघांकडे होती. एक मी, एक पुण्याचे गृहस्थ, आणि तिसरा ज्याने तो मुळात लिहिला तो माझा मित्र. मित्र संगमेश्वरच्या आतल्या बाजूच्या एका गावचा, नोकरीला मुंबईत. गेल्या वर्षी ऑफिसातच त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. लग्न केलेलं नव्हतं. गावी आई एकटी. बाराव्याला मी जाऊन आले होते. माणसांनी भरलेल्या त्या घरात मी एका खांबाला टेकून बसले आणि कोणाशी न बोलता परत आले, एवढंच मला आठवतं.

त्यानंतर वर्षभर आम्ही दोघांनी त्या कोडला हात लावला नाही. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर कंटाळाही होता. मग पुणेकरांचा फोन आला की असं चालायचं नाही, जग कुठल्या कुठे गेलं, आता पुढचं काहीतरी ठरवू या.

ठरवायची आमची एक पद्धत आहे आणि ती मित्राने घालून दिलेली. आराखडा सगळ्यांसमोर मांडायचा. मुदतीत कोणी काही बोललं नाही तर ते कलम मान्य झालं असं समजायचं. पण तिघांपैकी एकाने जरी नकार दिला तरी ते कलम अडलं. मात्र नकार लेखी हवा आणि त्याचं कारण हवं. "आमच्या गावकीत लोक बैठकीत गप्प बसतात नि घरी जाऊन बोंबलतात," तो म्हणायचा. "म्हणून लिहून द्यायचं."

आराखड्यात बरीच कलमं होती. बहुतेकांवर आमचं दोघांचं एकमत होतं. सगळ्यात मोठं कलम म्हणजे फार जुन्या कॉम्प्युटरांसाठी कोडमध्ये जो वेगळा भाग ठेवलेला आहे तो कायमचा काढून टाकायचा. निम्मी डोकेदुखी त्या भागाची. पुणेकर म्हणाले, "ताई, त्या यंत्रांवर आता कोणी नाहीये हो. आपण रिकाम्या घराचं भाडं भरतोय." मलाही पटलं. मी एका शुक्रवारी सकाळी तो भाग काढला, चाचणीसाठी बदल टाकून दिला आणि कॉलेजला गेले.

दुपारी स्टाफरूममध्ये डबा उघडला, मोबाइल बघितला, तर नकार आलेला. शेजारी त्याचं नाव. नावाशेजारी त्याचा तो जुना फोटो, डोक्याला टॉवेल गुंडाळून भाताच्या मळ्यात उभा असलेला. खाली त्याचं नेहमीचं वाक्य. "नकार. माझ्याकडे हे चालत नाही."

 आजूबाजूला भर दुपार होती, डोक्यावर पंखा फिरत होता, पलीकडे दोन सर लोणच्यावरून एकमेकांची टिंगल करत होते, आणि माझ्या हातातल्या मोबाइलवर मेलेला माणूस नाही म्हणत होता. मी डबा तसाच बंद केला.

पुणेकरांना फोन लावला. त्यांनी आधीच बघितलं होतं. "पासवर्ड चोरलाय कोणीतरी," ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता. मी म्हटलं, "अहो, चोर काहीतरी घेऊन जाईल. नुसतं नाही म्हणून जायला कोण चोरी करतं?" 

नकाराखाली नेमकं कुठल्या ओळीपाशी अडतं तेही दिलेलं होतं. मी ती ओळ काढून पाहिली. बरोबर होतं. जुन्या यंत्रावर ते तिथेच अडलं असतं. मग मी हट्टाने तोच बदल दुसऱ्या प्रकारे करून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा नकार, पुन्हा नवी ओळ, पुन्हा अचूक. तिसऱ्या प्रकारे केलं तरी तेच. तो जिवंत असताना असंच चालायचं. मी काहीतरी लिहायचे, तो नाही म्हणायचा, मी चिडून लांबलचक उत्तर द्यायचे, आणि तो दुसऱ्या दिवशी फोन करून हसायचा. आता फोन येत नव्हता एवढाच फरक. मला त्या दिवसांत भीती वाटत होती हे मी लपवणार नाही. आणि भीतीच्या खाली, अगदी तळाला, बरंही वाटत होतं. ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मग एक दिवस मी बदल टाकला आणि काहीच आलं नाही. संध्याकाळपर्यंत वाट बघितली. वाट बघते आहे हे लक्षात आल्यावर स्वतःचाच राग आला. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं की तारांच्या कामासाठी संगमेश्वरच्या आतल्या गावांची वीज दिवसभर बंद होती. मी पेपर टेबलावर ठेवतेय तोवर मोबाइल वाजला. नकार आला होता. वीज आली होती.

म्हणजे नकार देणाऱ्याला वीज लागत होती. एवढ्यानेही मला केवढा धीर आला! मी पुणेकरांना सांगितलं की हे त्याच्या गावच्या घरातून येतंय, तिथे त्याचं एखादं यंत्र चालू राहिलेलं असणार. बदल आला की आपसूक ओढून घेणारं, चालवून बघणारं, आणि अडलं की त्याच्या नावाने नकार टाकणारं. मग लगेच दुसरा विचार आला आणि तो काही बरा नव्हता. इतकी वर्षं मी ज्या नकारांवरून त्याच्याशी भांडले त्यातले किती त्याचे होते आणि किती त्या यंत्राचे? लांबलचक रागाची पत्रं मी लिहिली कोणाला?

पुणेकर म्हणाले, "मग तर सोपं झालं. त्याचं खातं बंद करू, नकार येणार नाहीत, आवृत्ती काढू." मी म्हटलं, चार दिवस थांबा, मी बघून येते. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

शनिवारी एसटीने संगमेश्वरला उतरले आणि तिथून रिक्षा केली. गणपती संपल्यावरची ती गावं मला कधीच सोसत नाहीत. महिन्याभरापूर्वी प्रत्येक घरात पाच-दहा माणसं, भजनं, पोरांचा दंगा. आणि आता एकामागून एक कुलूप. दारांवरची तोरणं सुकून वळलेली, अंगणात मांडवाचे खड्डे तसेच. मळ्यांत भात पिवळं पडत आलं होतं आणि ते कापायला माणूस कुठे दिसत नव्हता. रिक्षावाल्याने मला वाडीच्या तोंडाशी सोडलं. मित्राच्या घरापर्यंत चालत जाताना मला एकही माणूस भेटला नाही.

चिऱ्याचं साधं घर, पुढे पत्र्याची पडवी. दार उघडं होतं. मी पायरीशी उभी राहून "काकी!" अशी हाक मारली. आतून उत्तर आलं.

"उठलीस काय गो आये?"

त्याचा आवाज. सर्दी झाल्यासारखा, किंचित हसरा, शेवटचं अक्षर लांबवणारा.  मी पायरीवरच बसले. आत कोणी हललं नाही, कोणी बोललं नाही. घराच्या मागून कोंबडी ओरडली, मग पुन्हा सगळं गप्प.

थोड्या वेळाने त्याची आई मागच्या परड्यातून आली. हात मातीने भरलेले, पदर खोचलेला. पहाटेपासून उठलेली बाई होती ती, हे कोणालाही कळलं असतं. तिने मला ओळखलं. "बाराव्याला आलेलीस ना गो बाय तू? तिकडं खांबाशी बसलेलीस." मी मान हलवली.  ती म्हणाली, "घाबरलीस? तो इचारतो हाय. बस, च्याय टाकताव."

चहा होईपर्यंत आतल्या खोलीतून आवाज आणखी एकदा आला. तीच लकब, तोच प्रश्न. तिने गॅसवरून मान वर केली नाही.

मग तिने मला सगळं दाखवलं. स्वयंपाकघराच्या दाराशी, चौकटीवर, घंटीचं असतं तसं एक बटण बसवलेलं होतं. तिथून एक वायर आतल्या खोलीत गेली होती. त्या खोलीत टेबलावर एक जुनाट लॅपटॉप, शेजारी छोटा स्पीकर, वर धूळ बसू नये म्हणून तिने घातलेला रुमाल. सकाळी उठल्यावर तिने बटण दाबायचं. दाबलं की मुंबईत त्याला एका पानावर दिसायचं, आई उठली. ठरल्या वेळेपर्यंत दाबलं नाही तर यंत्र त्याच्या आवाजात विचारायचं, आणि दाबेपर्यंत मधून मधून विचारत राहायचं. गुडघ्याचं दुखणं झाल्यावर ती एकदा न्हाणीत पडली होती आणि दुपारपर्यंत कोणाला कळलं नव्हतं. म्हणून त्याने हे केलेलं.

"मग तुम्ही दाबत का नाही काकी?" मी विचारलं. "दहा वाजून गेले."

"दाबलं का गप व्हतो," ती म्हणाली. "मग दिसभर गप."

 ती दुपारपर्यंत बटण दाबत नव्हती. दुपारी जेवायला बसायच्या आधी दाबायची, कारण जेवताना त्याला ताटकळत ठेवणं तिला बरं वाटायचं नाही. हे तिने अगदी सरळ सांगितलं. डोळ्यांत पाणी नाही, आवाज भरून आलेला नाही. "तो ग्येला ता मला म्हायती नाय काय? मी खुळी नाय. पन इचारतो तर इचारू दे."

मी लॅपटॉप उघडून बघितला. दोन्ही कामं ते एकच यंत्र करत होतं. एकीकडे आमचा कोड तपासायचा, दुसरीकडे आमच्याच सर्व्हरच्या जोरावर हे बटण आणि हा आवाज सांभाळायचा. ते यंत्र फार जुन्या जातीचं होतं, आम्ही ज्यांना काढून टाकायला निघालो होतो त्यातलं. आणि त्यात त्याने एक गोष्ट करून ठेवली होती. चाचणीचा बदल न चालल्यास नाकारायचा, पण एकदा प्रसिद्ध झालेली आवृत्ती मात्र डोळे मिटून बसवायची. आपला नकार डावलून हे दोघं आवृत्ती काढणारच नाहीत, असा त्याचा आमच्यावर विश्वास होता. आम्ही खातं बंद करून आवृत्ती काढली असती तर त्याच सकाळी हे घर गप्प झालं असतं, आणि आम्हाला पत्ताही लागला नसता.

मी तिला जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. नवं काही आलं की हे बंद पडेल. दुसरा, नवा कॉम्प्युटर मी आणून देते. ती लगेच म्हणाली, "नको. ह्याला त्याचा हात लागलेला हाय." मग मी दुसरा उपाय सांगितला. "इंटरनेटची वायर काढून ठेवते. मग हे आहे तसंच राहील, कोणी बिघडवू शकणार नाही. रोज विचारेल. फक्त बाहेर काही कळवणार नाही."

"भायेर म्हंजे तुमाला?"

"आम्हाला?"

"तो म्हनायचा, आये, तू बटन दाबलंस का तिकडं कळतं. मला नि माज्या कामाच्या मानसांना. तो ग्येला, पन तुमी हात ना बगायला."

मी पटकन बोलून गेले. तोंडाला कुलूप हा प्रकार मला कधी जमलेला नाही. "नाही हो काकी, आमच्यातलं कोणी बघत नाही. हे असं काही आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता, रडू नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली आणि मला वाटलं की आता तरी त्या स्पीकरने काहीतरी बोलावं. तो गप्पच होता.

"मंग रोज दुपारी मी दाबते ता कुनाला?" ती म्हणाली.

वर्षभर, ओस पडलेल्या वाडीतल्या कुलूपबंद घरांच्या मध्ये, ती बाई रोज दुपारी आम्हाला सांगत होती की मी आहे. आणि आम्ही वर्षभर कंटाळलो होतो. मला इतकी लाज वाटली की मी खाली मान घालून कपातला चहा बघत बसले. मग म्हणाले, "आजपासून मी बघेन. रोज." ती उठत म्हणाली, "मुंबैची मानसंपन म्हनतात, रोज फोन करीन." आणि परड्यात निघून गेली.

इंटरनेटची वायर मी काढली नाही. तिच्या परवानगीने त्या पानाचा पत्ता आणि तिचा फोन नंबर घेऊन परत आले.

सोमवारी आमची बैठक झाली. मी माझ्या नावाने नकार लिहिला. कारण लिहिलं की माझ्या ओळखीच्या एका घरात हे चालतं. पुणेकर चिडले आणि त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. "एका घरासाठी? ताई, एका घरासाठी सगळ्यांना अडकवायचं?" मी म्हटलं, "हो. आणि त्या जुन्या भागाचं जे काय निस्तरायचं ते मी निस्तरीन." मी त्यांना सगळं सांगितलं, आवाजासकट.  शेवटी म्हणाले, "मग राहू दे तर." त्याचं खातं मात्र आम्ही बंद केलं, ते योग्यच होतं. त्या यंत्राला मी पुन्हा एकदा गावी जाऊन माझं खातं जोडून दिलं. आता एखादा बदल अडला की माझ्याच नावाने, माझ्याच फोटोशेजारी त्याचं वाक्य येतं. माझ्याकडे हे चालत नाही. पहिल्यांदा आलं तेव्हा मी पुन्हा एकदा दचकले, आणि मग बराच वेळ ते वाचत राहिले.

ते पान मी सकाळी कॉलेजला निघण्याआधी उघडते. पांढऱ्या पानावर एकच ओळ असते. आई अजून उठली नाही. ती रोज तीच असते, कारण त्याची आई दुपारपर्यंत बटण दाबत नाही हे मला माहीत आहे. पण एखाद्या दिवशी ते खरंच असेल, तर ते या सगळ्या दिवसांसारखंच दिसेल. हे एका सकाळी माझ्या लक्षात आलं. ज्या कामासाठी त्याने हे बांधलं होतं, नेमकं तेच काम ते आता करत नव्हतं. म्हणून मी फोन लावला.

बराच वेळ घंटी वाजल्यावर तिने उचलला.

"काकी, उठलात का?" मी विचारलं. आणि नेमका तेव्हाच तिकडे, आतल्या खोलीतून, तोही विचारू लागला. माझे शब्द आणि त्याचे शब्द एकमेकांवर चढले. फोनमधून मला ते दोन्ही ऐकू आले, जरासे मागेपुढे. पलीकडे काहीच हालचाल नव्हती. 

"एकेकानं इचारा गो," ती वैतागून म्हणाली. "दोगांना एकदम काय सांगू?"

 तिची पावलं आतल्या खोलीकडे घासत जाताना ऐकू आली. "उठले रे बाबा, उठले," ती आत कोणाला तरी म्हणाली. बटण मात्र तिने दाबलं नाही. पावलं परत आली, तिने फोन दुसऱ्या कानाला लावला असावा.

"हां," ती म्हणाली. "आता तू इचार."